विहीणबाईंचा काढा

४ मार्च, मंगळवार

ही वही खरं तर मिठा-तिखटाच्या प्रमाणाची. अकरा वर्षं मी हिच्यात मुळ्याला किती मीठ, वांग्याला किती लसूण एवढंच लिहीत आले. आजपासून मागच्या पानांवर मनातलं लिहिणार, कारण ते ऐकून घ्यायला या घरात कोणी नाही. थोरला मुलगा आणि धाकटी सोरा, दोघंही आता वेगळी राहतात. सोराचे बाबा शहर बस चालवतात. दिवसभर प्रवाशांचं ऐकतात, आणि घरी मी तोंड उघडलं की टीव्हीचा आवाज वाढवतात.

आज दुपारी सोरा माझ्या भाज्या-लोणच्यांच्या दुकानात आली ती रेशमी फडक्यात बांधलेली पेटी घेऊन. "आई, तेग्यूच्या आईंनी पाठवलंय. तुझ्यासाठी." उघडून बघते तर काढ्याचे पाऊच. नव्वद!

खरं सांगायचं तर परवाच्या रविवारपासून मी या बाईवर धुमसत होते. सोरा आणि तेग्यूचं लग्न दहा मेला आहे, त्यासाठी दोन्ही घरच्यांची पहिली भेट होती. जेवणात अकरा पदार्थ आले, हिने प्रत्येकाला चॉपस्टिकचं टोक लावलं आणि बाजूला ठेवला. मी वाटी रिकामी केली की हिची नजर माझ्या वाटीत. लग्नात आम्हा दोघी आयांना हातात हात घालून मेणबत्त्या लावायला पुढे जायचं असतं. त्यावरून म्हणाली, "सगळे कॅमेरे आपल्यावरच असणार, नाही का?" आणि हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

पण आज राग विरघळला. व्याही देशी औषधांचे मोठे डॉक्टर, देगू शहरात त्यांचा दवाखाना कोणीही दाखवेल. अशा घरातून शक्तीचा काढा येणं म्हणजे मान. मी माझ्या सासूला सोळा वर्षं दर थंडीच्या तोंडाशी काढा करवून दिला, तिने एकदाही गोड शब्द काढला नाही. मला आजवर कोणी दिला नव्हता. शेजारची तोफूवाली ओक्बुनताई पाऊच हातात घेऊन म्हणाली, "नशीब काढलंस गं!" मी मिरचीच्या हातानेच डोळे पुसले आणि मग अर्धा तास रडत बसले.

पेटीत कागद आहे. दिवसातून तीनदा गरम करून घ्यावा. पिठाचे पदार्थ, दारू, कॉफी बंद. असं तर सगळ्याच काढ्यांवर लिहितात. पिवळ्या पुडीतली दूध-साखरेची कॉफी मी दिवसाला पाच कप पिते. तेवढंच माझं बसणं. ती कोण सोडतंय?

"आई, कागद नीट वाच," सोरा म्हणाली.

"वाचला की."

ती आणखी काही बोलणार होती, पण फोन वाजला म्हणून निघून गेली. मी विहीणबाईंना फोन लावून आभार मानले. फोनवर दिसत नसताना चार वेळा वाकले. त्या म्हणाल्या, "नेमाने घ्या हं. दहा मेपर्यंत फरक दिसायला हवा."

किती काळजी!

७ मार्च, शुक्रवार

काढा लागू पडला. तीन दिवसांत दुकानाची चिमणी घासली, किमचीचा फ्रीज रिकामा करून पुसला, काचा पुसल्या. पहाटे तीनला डोळे उघडतात ते उघडतात. भूक कशी ती नाही. कोरड पडते, म्हणून कॉफी सात कपांवर गेली आहे.

सोराचे बाबा म्हणाले, "अगं, जरा टेक की. तुला बघून मला दम लागतो."

तुम्हाला तर टीव्हीचं बटण दाबूनही दम लागतो, असं मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

१२ मार्च, बुधवार

आज चोंगबाईंशी भांडले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. म्हणाल्या, "मुळ्याच्या लोणच्यात मीठ जास्त पडतंय हल्ली. परवाच्या पालेभाजीतही." मी चव घेतली. मला काही लागेना, ना खारट ना अळणी. तरी म्हटलं, "मीठ बरोबर आहे, तुमची जीभ म्हातारी झाली." त्यांनी डबा तिथेच ठेवला आणि गेल्या. मी तो डबा उचलून बादलीत उपडा केला. वीस वर्षं या हाताचं खाल्लं आणि आता मला मीठ शिकवतात!

संध्याकाळी सोरा आली. मी तिच्यासाठी राखून ठेवलेली मासोळी पुढे केली, तिने काकडीच्या तीन चकत्या खाल्ल्या. बाहेर हात गारठतायत आणि ही बर्फाची काळी कॉफी घेऊन बसलेली, तीही मोठ्या ग्लासात. ती काम करते त्या दातांच्या दवाखान्यात सगळ्या मुली हेच पितात म्हणे. माझं डोकं फिरलं. दिवसभर मी कुणासाठी शिजवते? थंडीपासून ही मुलगी बारीक होत चालली आहे. मला आधी बरंच वाटलं होतं, लग्नाआधी जरा आटोपशीर झाली म्हणून. पण हाक मारून वाढलेलं न खाणं म्हणजे माझा अपमान.

जाताना तिने पेटीत डोकावून बघितलं. "तू तिन्ही वेळा घेतेस? दोनदाच घे ना. नाहीतर एकदा."

"विहीणबाईंनी प्रेमाने दिलंय, तुला का टोचतंय?"

ती गप्प झाली. गप्प बसणं तिने बापाकडून उचललंय.

२० मार्च, गुरुवार

लग्नात घालायच्या रेशमी हानबोक पोशाखाचं माप पुन्हा द्यायला गेले होते. शिंपीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवसांपूर्वीचं माप चालणार नाही, दोन्ही बाजूंनी आत घ्यावं लागेल. मी आरशात बघितलं. गळ्याची हाडं वर आली आहेत. पंचावन्नाव्या वर्षी! मला मनातून आवडलं, खोटं कशाला बोलू.

विहीणबाईही आल्या होत्या. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि टाळी वाजवली. "वा! किती छान प्रतिसाद देतंय तुमचं अंग! आता फोटोत कोणीच वेगळं दिसणार नाही."

मी म्हटलं, "कापडाचा रंग सारखाच घेतलाय ना आपण."

त्या हसल्या. सोरा कोपऱ्यात उभी होती, तिचे कान लाल झाले. तिथे हीटर फार होता. मी शिंपीणबाईंना त्यावरून झापलं, की गिऱ्हाइकाला भाजून काढता का तुम्ही. मग हात थरथरायला लागले म्हणून बाहेर येऊन कॉफी प्यायले.

२५ मार्च, मंगळवार

लिहिताना वही नीट धरता येत नाही. डाव्या हाताच्या बोटाला पट्टी आहे, मुळा चिरताना सुरी सरकली. सकाळी सोराच्या बाबांनी विचारलं, "मोजे कुठेत?" आणि मी डाव भिंतीवर फेकला. फक्त मोजे विचारले होते. भिंतीला खोक पडली. ते बिनमोज्यांचे कामावर गेले. मग मला त्यांच्या पायांसाठी रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला.

दुकानात छाती इतकी धडधडायला लागली की मी पिठाच्या पोत्यावर बसले. ओक्बुनताई धावत आली. "गुमरान, किती दिवस झाले तू अशी आहेस? परवा कुत्र्यावर ओरडत होतीस."

"तो भुंकत होता."

"कुत्राच तो! भुंकणार नाही तर काय गाणार?" तिने पेटीतला एक पाऊच उचलला, कोपरा दाताने फाडला, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "चल माझ्याबरोबर."

जडीबुटीच्या गल्लीत म्हातारे चू बसतात, ओक्बुनताईच्या माहेरचे. सत्तर वर्षं मुळ्या-काड्या निवडण्यात गेली. त्यांनी एक थेंब जिभेवर ठेवला आणि मला विचारलं, "हे देताना तुझी नाडी कोणी बघितली?"

"कोणीच नाही. व्याह्यांनी पाठवलंय. शक्तीचा काढा."

"शक्तीचा?" ते ओक्बुनताईकडे बघायला लागले. मग उठून एका खोक्यातून वाळक्या गवतासारख्या काड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "ही माह्वांग. थोडी दिली तर दमा सुटतो. अशी भरभरून दिली की भूक मरते, झोप उडते, अंग आतून पळायला लागतं आणि चरबी उतरते. ह्याला शक्तीचा काढा नाही म्हणत, पोरी. हे बारीक करायचं औषध आहे. वर कॉफी पितेस?"

"सात कप."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मनगट धरलं, बराच वेळ. "पोट थंड आहे तुझं. तुझ्यासारख्या प्रकृतीला हे चालतच नाही. कोणाला वाटलं चालेल म्हणून?"

मला आठवलं. त्या रविवारी व्याही टेबलापलीकडून माझ्याकडे बघून म्हणाले होते, "रुंद खांदे, मोठं हाड. थेउम, म्हणजे दणकट प्रकृती, एका नजरेत कळतं." मी ते कौतुक समजून मान लववली होती. हे सांगितल्यावर म्हातारे चू म्हणाले, "खांदे रुंद आहेत ते तीस वर्षं टोपल्या उचलून. डॉक्टरने हात धरून बघितलं असतं तर कळलं असतं."

नव्वद पाऊच. तीन आठवडे. मी ते भक्तिभावाने, दोन्ही हातांत कप धरून प्यायले. त्या बाईला फोनवर चार वेळा वाकले!

२६ मार्च, बुधवार

गेले. राहवलं नाही. व्याह्यांच्या दवाखान्यात सात-आठ बायका रांगेत बसल्या होत्या. भिंतीवर मोठी पाटी, "चयापचय जागवा, तुमचं नवं रूप खुलवा." विहीणबाई काउंटरवर. मी उरलेले पाऊच त्यांच्यापुढे ओतले.

"हे काय आहे?"

त्यांनी आधी रांगेकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आत बसून बोलू या का?"

"इथेच बोला. मी जाडी आहे, फोटोत शोभत नाही, हे मला तोंडावर सांगायचं होतं. रेशमात बांधून काय पाठवता?"

"अहो, आम्हाला वाटलं तुम्हाला कळलंय. सोराला सांगायला सांगितलं होतं. आणि एवढं काय झालं? सोरा तर ऑक्टोबरपासून घेते आहे. तिने एका शब्दाने कुरकुर केली नाही."

ऑक्टोबर. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. तीन चकत्या काकडी, तो बर्फाचा ग्लास, तिच्या बोटात सैल झालेली अंगठी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी किंचाळले. काय किंचाळले ते शब्दाला शब्द आठवतंय, म्हणून लिहून ठेवते. "माझ्या मुलीच्या अंगातून काय काढायचं ते ठरवणाऱ्या तुम्ही कोण? आहे तशी नको असेल तर ठेवा तुमचा मुलगा तुमच्यापाशी. ती माझ्याकडे राहील. आहे तशी." एक पाऊच काउंटरवर फुटला आणि काळं पाणी त्यांच्या पांढऱ्या बाहीवर गेलं. मी मुद्दाम फोडला का, ते मला खरंच माहीत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

सोरा आली. बूटही न काढता दारातच बोलली. "दवाखानाभर तमाशा केलास. तेग्यूची आई आजारी पडलीय. लग्न पुढे ढकलू या म्हणताहेत. ढकलू या म्हणजे काय ते कळतं ना तुला?"

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होते? की तुला शक्तीचा काढा नाही, वजनाचा आलाय? तू रडत होतीस, आई. आनंदाने. मला सांगवलं नाही."

"आणि तू का घेतेस?"

"दहा मेपर्यंत घेतेय. मग बंद." आणि गेली.

संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला, सोराच्या बाबांना. त्यांनी स्पीकर लावला. आवाज लोण्यासारखा. "वहिनींना दोष देऊ नका. माह्वांगने अंगात उष्णता चढते, त्यात कॉफी म्हणजे चुलीत तेल. तो राग त्यांचा नव्हताच, औषधाचा होता. दोन-तीन आठवड्यांत सगळं निघून जाईल. मग एकत्र बसू, त्या दोन शब्द बोलतील आणि विषय संपला." माझी नाडी न बघता काढा दिला, त्याबद्दल एक अक्षर नाही.

पण सोराच्या बाबांचा चेहरा असा उजळला! "ऐकलंस? औषधाचा राग होता. मी म्हणतच होतो, आपली गुमरान अशी नाही."

मलाही बरं वाटलं. एवढं वाईट मी बोलू शकते हे मला नको होतं. औषधाने बोलवलं, झालं.

३ एप्रिल, गुरुवार

काढा बंद, कॉफीही बंद. चार दिवस डोकं फुटत होतं. काल नऊ तास झोपले. आज मुळ्यात मीठ लागलं. खरंच जास्त होतं, आईशप्पथ, समुद्रच! चोंगबाईंकडे नवं लोणचं घेऊन गेले, दारात वाकून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुमच्या घरात कोणी गेलं की काय." भिंतीची खोक सोराच्या बाबांनी कॅलेंडर टांगून झाकली. तेरा तारखेला व्याह्यांकडे जायचं ठरलं आहे.

मी म्हटलं आहे की माफी मागेन. मुलीचं लग्न माझ्या तोंडामुळे मोडलं असं आयुष्यभर ऐकायचं नाही मला.

९ एप्रिल, बुधवार

एक विचित्र गोष्ट झाली आहे. छातीची धडधड गेली, हाताची थरथर गेली. कुत्रा भुंकला तर मी त्याला मासोळीचं डोकं टाकते. मोजे विचारले तर मोजे देते. चोंगबाईंवरचा, शिंपीणबाईवरचा, सोराच्या बाबांवरचा सगळा राग पार निवला. पण विहीणबाईंवरचा निवला नाही. रोज सकाळी उठून बघते, तिथेच आहे. पूर्वी तो पळायचा, आता मांडी घालून बसलाय.

आज सोरा पाच मिनिटं आली, तेराला काय घालायचं ते सांगायला. बर्फाची कॉफी होतीच. ग्लास खाली ठेवताना आतला बर्फ खुळखुळत राहिला, तिचा हात सुटेपर्यंत. ती थरथर मला ओळखू आली. तीन आठवडे मी तिच्यात राहून आले आहे, आणि ही सहा महिने. मी म्हटलं, "सोरा, बंद कर. आजच."

"आई, प्लीज. तू फक्त माफी माग. बाकी काही करू नकोस."

१३ एप्रिल, रविवार

सोराच्या बाबांनी गाडीत मला वाक्य पाठ करून घेतलं. "औषधाच्या भरात बोलले, माफ करा." पाच शब्द. "एवढं म्हण आणि चहा पी," ते म्हणाले. मी तीन वेळा म्हणून दाखवलं.

विहीणबाईंनी सुक्या बोरांचा चहा ठेवला होता. त्या स्वतः प्यायल्या नाहीत. तेग्यू सोराशेजारी मान खाली घालून बसला. व्याही माझ्यासमोर. "काय वहिनी, आता कसं वाटतंय? हात द्या बघू." आणि त्यांनी माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली. पहिल्यांदाच. डोळे मिटून बसले. मग सगळ्यांकडे बघून हसले. "उत्तम! शांत, एकसारखी. बहात्तरच्या आसपास. मी म्हटलं नव्हतं? औषध पूर्ण उतरलं."

"नक्की ना, डॉक्टरसाहेब?" मी विचारलं. "आता मी बोलेन ते माझंच ना? औषधाचं नाही?"

"अर्थात."

सोराच्या बाबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी चहाचा कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही, चढवावासाही वाटला नाही. "माझ्या मुलीच्या अंगातून काय काढायचं ते ठरवणाऱ्या तुम्ही कोण? आहे तशी नको असेल तर ठेवा तुमचा मुलगा तुमच्यापाशी. ती माझ्याकडे राहील. आहे तशी. तुमच्या बाहीवर सांडलं, त्याची माफी मागते. याची नाही."

विहीणबाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, हे काय? तुम्ही तर म्हणालात..."

"आता हिची बघा," मी सोराचं मनगट पुढे ओढलं. सोराने हात बाहीत घेतला. "आई!" विहीणबाई म्हणाल्या, "हिची कशाला? ही ठणठणीत आहे." पण व्याही तीस वर्षं डॉक्टर आहेत, पुढे आलेल्या मनगटावर बोटं आपोआप गेली. या वेळी डोळे मिटले नाहीत. खूप वेळ धरून बसले. मग बोटं काढली आणि चहाचा कप उचलला.

"किती?" विहीणबाईंनी विचारलं.

"थोडी जलद आहे. दगदग असेल. लग्नाचं म्हटलं की..."

"एकशे सव्वीस," सोरा म्हणाली. "बसल्या जागी. मी रोज मोजते, पेशंट बदलताना. डिसेंबरपासून."

तेग्यूने मान वर केली. "मला कधी बोलली नाहीस."

"पेट्या तूच आणून देत होतास ना? तू कधी विचारलंस?"

उठायची वेळ झाली हे सोरानेच ठरवलं. दारात विहीणबाई लग्नाच्या हॉलबद्दल काहीतरी म्हणाल्या. सोरा म्हणाली, "मी कळवते." मी नाही, तिचे बाबा नाहीत. मी कळवते, असं म्हणाली.

गाडीत मला अभिमानाने बसवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी राग योग्य जागी, योग्य आवाजात काढला होता. मी मागे वळून म्हटलं, "पाहिलंस? असं तोंडावर बोलायचं असतं. त्या बाईने तुझ्या पोटावर डोळा ठेवला आणि तू सहा महिने गप्प."

सोरा खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मला सवय होती."

"कसली सवय?"

"सातवीत असताना तू माझी भाताची वाटी अर्धी भरायचीस. दादाची काठोकाठ. दुकानात गिऱ्हाइकांसमोर मला ढब्बी म्हणायचीस आणि सगळ्या हसायच्या. मी पण हसायचे. त्यांच्याआधी तू बघायचीस, आई, मी किती खाते ते." तिचा आवाज चढत गेला. इतका चढलेला मी कधीच ऐकला नव्हता. सोराच्या बाबांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. ती बोलतच राहिली, चौदाव्या वर्षाचं, सोळाव्या वर्षाचं, परीक्षेच्या दिवशीचंसुद्धा.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण काय सांगणार होते? तेव्हा तर मी कुठलाच काढा घेत नव्हते.